आधी परतीची वाट, मग रुग्ण: रुग्णवाहिका पथकाला हिंसक प्रसंगांसाठी कसे तयार करावे

महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २०१४ मध्ये सुरू झाली. तिच्या गाडीत एक डॉक्टर आणि एक चालक, ज्याला सगळे पायलट म्हणतात, अशी दोघांचीच जोडी असते. सोलापुरात मध्यरात्री एखाद्या भांडणात डोके फुटलेल्या माणसापाशी हे दोघे कित्येकदा पोलिसांच्या आधी पोहोचतात. त्यांच्या प्रशिक्षणात झटापटीचे डाव शिकवण्याचा मोह होतो, पण माझ्या मते त्यावर अर्ध्या तासाहून अधिक वेळ घालवू नये. पाय कुठे ठेवायचा, गाडी कशी लावायची आणि कधी मागे फिरायचे, हे अंगवळणी पडले तर डाव वापरण्याची वेळ क्वचितच येते.

सुरुवात फोनपासून करावी. नियंत्रण कक्षाकडून पत्ता घेतानाच मारामारी झाली आहे का, कोणी प्यायलेले आहे का, हत्यार दिसले का, आणि जमाव किती आहे, हे चार प्रश्न विचारण्याची सवय लावावी. हत्याराचा उल्लेख आल्यास ११२ वरून पोलीस मागवून गाडी घटनास्थळाच्या अलीकडे, नजरेआड थांबवावी. उदाहरणार्थ, विजापूर रस्त्यावरचा कॉल असेल तर सात रस्त्यापाशी थांबता येईल. या वेळात नातेवाइकांचे फोन येत राहतात आणि पायलटचा धीर सुटतो. म्हणून ‘आम्ही निघालो आहोत, पोलिसांसोबत पोहोचतो’ हे एकच वाक्य शांत आवाजात म्हणण्याचा सराव त्याच्याकडून करून घ्यावा.

गाडी नेहमी तोंड बाहेरच्या बाजूला करून लावावी. शहराच्या पूर्व भागातील बोळांत त्यासाठी उलटे जावे लागते आणि मिनिटभर जास्त लागतो, तो लागू द्यावा. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांच्या मिरवणुकीमुळे रस्ते बंद असतात, तेव्हा परतीचा मार्ग निघण्यापूर्वीच ठरलेला असावा. किल्ली पायलटच्या खिशात राहावी, गाडीत नव्हे.

दार ठोठावताना दारासमोर न उभे राहता चौकटीच्या बाजूला उभे राहावे. यंत्रमाग असलेल्या घरांची गोष्ट मात्र वेगळी आहे आणि तिच्यावर सरावात खास वेळ द्यावा. खाली माग, वर राहण्याची खोली आणि मध्ये एकाच माणसापुरता जिना, अशी रचना अनेक ठिकाणी असते. माग चालू असताना सगळेच ओरडून बोलतात. त्यात आपणही आवाज चढवला की समोरच्याला तो राग वाटतो, आणि त्याचे साधे ओरडणे आपल्याला धमकी वाटते. म्हणून आत पाऊल टाकताच पहिली विनंती ‘माग बंद करा’ हीच असावी. डॉक्टर वर जाईल तेव्हा पायलटने जिन्याच्या तोंडाशी, खालच्या दाराकडे नजर ठेवून थांबावे. दोघेही एकामागोमाग वर गेले आणि मागून दहा नातेवाईक चढले, तर उतरायला वाट उरत नाही.

आता अंगावरच्या वस्तू. कात्री बाहेरच्या खिशात नको, ओळखपत्राची दोरी ओढताच सुटणारी हवी, आणि स्टेथोस्कोप गळ्यात नको. हे शेवटचे मी स्वतः शिकवत असे, तरीही एका रात्री माझ्याच गळ्यातली नळी एका संतापलेल्या मुलाच्या मुठीत गेली. मानेवरचा वळ आठवडाभर दिसत होता. तेव्हापासून तो प्रसंग मी वर्गात सांगतो.

बोलण्याचे काम दोघांपैकी एकानेच करावे. दोन हातांचे अंतर, किंचित तिरकी उभी राहण्याची ढब आणि छातीच्या उंचीवर दिसणारे उघडे तळवे, एवढे पुरते. ‘शांत व्हा’ असे म्हटल्याने आजवर कोणी शांत झालेले मी पाहिलेले नाही. त्याऐवजी आपण काय करत आहोत ते सांगत राहावे: ‘आता दाब मोजतो, मग सलाईन लावतो.’ सोलापुरात मराठी पुरत नाही. तेलुगू घरात ‘भयपडकंडि’ आणि अक्कलकोटकडच्या कन्नड घरात ‘हेदरबेडि’, म्हणजे घाबरू नका, एवढा एक शब्दही मोठ्या माणसांचा चेहरा सैल करतो.

रुग्ण स्वतःच मारायला उठला, तर आधी आजाराचा विचार करावा. रक्तातील साखर उतरणे, प्राणवायू कमी पडणे, डोक्याला मार लागणे किंवा नुकतीच फिट येऊन गेलेली असणे, या सगळ्यांत माणूस दारुड्यासारखा वागू शकतो. दारूचा वास आला म्हणून साखर तपासायची राहू नये. धरून ठेवणे अटळ झाले तरी त्याला पालथे पाडून पाठीवर वजन टाकू नये, कारण त्यात श्वास कोंडून जीव जाऊ शकतो. प्रशिक्षणार्थीला सतरंजीवर पालथे झोपवून, कोणीही न दाबता, मोठ्याने दहा वाक्ये बोलायला लावावीत. छाती किती अडते ते मग त्यालाच कळते.

सर्वांत अवघड क्षण मृत्यू सांगण्याचा. तो जिन्यात किंवा गर्दीत सांगू नये. बॅग आवरलेली, पायलट दारापाशी आणि घरातले जाणते माणूस बसलेले असताना डॉक्टरने एका वाक्यात, स्पष्ट शब्दांत सांगावे आणि मग थोडा वेळ गप्प राहावे.

प्रत्येक जोडीने निघण्याचा एक संकेत ठरवावा. गाडीत नसलेली वस्तू मागणे सोयीचे पडते: ‘निळी बॅग आणा’ ऐकताच दोघेही, प्रश्न न विचारता, गाडीत. मुठी आवळल्या जाणे, येरझाऱ्या वाढणे, उत्तर न देता टक लावून पाहणे, कोणी दार लावून घेणे, यांपैकी काहीही दिसले की संकेत कोणीही द्यावा. तो पायलटकडून आला तर डॉक्टरला मागे फिरणे जड जाते. म्हणून सरावात निम्म्या वेळा तो पायलटलाच द्यायला लावावा. नातेवाइकाची भूमिका करणाऱ्यांना हसू येते, पहिल्या चार फेऱ्या वाया जातात. पाचवीपासून काम सुरू होते.

हल्ला झालाच तर त्याच रात्री जखमांची वैद्यकीय नोंद करून पोलिसांत तक्रार द्यावी. वैद्यकीय सेवेतील व्यक्तींवरील हिंसेविरुद्ध राज्यात २०१० चा कायदा आहे. त्यानुसार हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र असून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तक्रारीत वेळ, बोललेले शब्द आणि फुटलेल्या वस्तू जशाच्या तशा लिहाव्यात. आणि त्या रात्री परत येताना गाडी त्याच पायलटच्या हाती देऊ नये. त्याचे हात स्टिअरिंगवर किती थरथरतात, हे शेजारी बसलेल्या डॉक्टरलाच दिसते.