अवकाळी वादळ आणि गारपीट: गंजी, जनावरे आणि संत्र्याची बाग कशी सांभाळावी

फाल्गुन-चैत्रात विदर्भात सकाळचे आभाळ बहुधा निरभ्र असते. दुपारी पारा चाळिशीकडे सरकतो आणि बंगालच्या उपसागराकडून आलेली दमट हवा तापलेल्या जमिनीवरून झपाट्याने वर चढून तीन-चार तासांत काळेकभिन्न ढग उभे करते. त्यामुळे पीक वाचवण्याचे काम दुपारी बाराच्या आत उरकायचे असते. गडगडाट ऐकू आल्यावर ताडपत्री घेऊन वावराकडे धावणे म्हणजे चार पोत्यांसाठी जीव पणाला लावणे होय.

नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राने पिवळा किंवा नारिंगी इशारा दिला असेल, तर सोंगलेला हरभरा किंवा गहू पसरलेला ठेवू नये. उंचवट्यावर गंजी लावून भोवती वीतभर खोल चर काढावा. ताडपत्रीवर नुसते दगड ठेवून भागत नाही, कारण वारा कडेखालून शिरतो. म्हणून चारही कडा मातीत दाबून वरून खुंट्यांना दोर ताणावेत. गोठ्याच्या टिनांवर दगड ठेवण्याची आपल्याकडची सवय तर धोक्याचीच आहे, कारण वादळात टिनांसोबत तेही उडतात. टिना आकड्याच्या बोल्टने वाशांना घट्ट आवळून घ्याव्यात.

विजेच्या बाबतीत एक हिशेब लक्षात ठेवावा. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस सेकंदांहून कमी वेळ लागला, तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे असे समजून पक्के घर किंवा काचा बंद केलेली मोटार गाठावी, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ ॲप आसपासच्या विजांची सूचना देते. धुऱ्यावरचा लिंब आणि मोह पावसात आपलेसे वाटतात, पण झाडावर पडलेली वीज मुळांभोवतीच्या जमिनीत पसरते आणि पुढचे-मागचे पाय दूर असलेल्या बैलाच्या शरीरातून आरपार जाते. त्यामुळे जनावरे झाडाला बांधू नयेत. माणूस उघड्यावर सापडलाच, तर पाय जुळवून उकिडवे बसावे. आडवे पडू नये. वीज लागलेल्या माणसाच्या अंगात करंट राहत नाही, म्हणून त्याला हात लावायला घाबरू नये. श्वास बंद असल्यास लगेच छाती दाबायला सुरुवात करावी आणि दुसऱ्याने १०८ ला फोन करावा.

वादळ ओसरल्यावर आवराआवरीआधी फोटो काढावेत, शक्यतो तारीख आणि ठिकाण उमटेल असे. गार वितळण्यापूर्वी काडीपेटीशेजारी ठेवून टिपली तर उत्तमच. पंचनाम्यासाठी तलाठ्याला लगेच कळवावे. शासकीय मदतीसाठी पिकाचे नुकसान किमान ३३ टक्के असावे लागते आणि ई-पीक पाहणीत, म्हणजे मोबाइल ॲपवरच्या पीकनोंदीत, ते पीक नोंदलेले असणे महत्त्वाचे ठरते. दगावलेले जनावर शवविच्छेदनाआधी पुरू नये. विमा उतरवला असेल, तर गारपिटीचे संरक्षण त्यात आहे की नाही हे आधीच तपासावे. २०२५ च्या खरिपापासून राज्यात पीक विम्याच्या भरपाईचा आधार पीक कापणी प्रयोग, म्हणजे निवडक शेतांत पीक कापून मोजलेले उत्पादन, हाच झाला आहे.

वरुड, मोर्शी, काटोलकडच्या संत्रा बागाईतदाराने आंबिया बहाराची (हिवाळ्याअखेरच्या फुलांची) गळलेली फळे मोजत बसण्याआधी फांद्या पाहाव्यात. आभाळाकडच्या बाजूला साल फुटून पांढरे लाकूड दिसते आणि तिथूनच बुरशी शिरते. मोडलेल्या फांद्या कापून जखमांवर बोर्डो मलम (मोरचूद आणि चुन्याचे घट्ट बुरशीनाशक) लावावे आणि झाडांवर एक टक्का बोर्डो मिश्रण फवारावे. त्यासाठी एक किलो मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि एक किलो चुना प्लास्टिकच्या ड्रममध्ये वेगवेगळे भिजवून, एकत्र करून शंभर लिटर करावेत. मिश्रणात विळ्याचे घासलेले पाते बुडवून पाहावे; त्यावर तांबूस थर चढला, तर आणखी चुना घालून पुन्हा तपासावे आणि मिश्रण त्याच दिवशी संपवावे.