पॅरालीगल कोर्स करायचाय? फी भरायच्या आधी एक दिवस कोर्टात जाऊन बसा

बारावी झालीये किंवा ग्रॅज्युएशन मध्येच सुटलंय, आणि कुणीतरी सांगितलं की पॅरालीगलचा कोर्स कर, वकिलाकडे लगेच काम मिळतं. या दोन महिन्यांत चार जणींनी मला हेच विचारलं म्हणून एकदाच नीट लिहून ठेवते. मी नाशकात सीबीएस म्हणजे सेंट्रल बस स्टँडजवळ एका वकिलांच्या ऑफिसात सहा वर्षं काम करतेय, त्यामुळे जे रोज बघते तेच सांगणार.

आधी एक गोष्ट क्लिअर करून घ्या. पॅरालीगल म्हणजे वकील नाही, वकिलाच्या हाताखाली केसच्या कागदपत्रांचं काम बघणारा मदतनीस. वकिली करायला लॉची डिग्री आणि बार कौन्सिलची सनद लागते, १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टमध्येच तसं आहे, त्यामुळे "हा कोर्स करून प्रॅक्टिस करता येते" असं कुणी म्हणालं तर तिथून सरळ उठा. अमेरिकेत हे वेगळं आहे, तिकडे कम्युनिटी कॉलेजात साधारण दोन वर्षांचा पॅरालीगलचा कोर्स असतो, काही कोर्सेसना तिथल्या बार असोसिएशनची मान्यता असते आणि वकिलांच्या फर्म त्याच नावाने माणसं घेतात. आपल्याकडे नाशकात ते नाव फारसं चालत नाही. इथे म्हणतात वकिलांचा क्लार्क, ऑफिस असिस्टंट, नाहीतर नुसतं "ऑफिस बघणारी". काम शोधतानाही हेच शब्द वापरा, पॅरालीगल म्हणून शोधत बसलात तर हाती फार काही लागणार नाही.

आता कोर्टात जाऊन बसा म्हणते ते खरंच करा. साधारणपणे कोर्टाचं काम कुणालाही मागे बसून बघता येतं, फक्त मोबाईल बंद ठेवायचा आणि शांत बसायचं. बोर्डावर, म्हणजे त्या दिवसाच्या यादीत, किती केसेस आहेत, पुकारा कसा होतो, कुणाला नुसती पुढची तारीख मिळते आणि कुणाचा साक्षीदार उभा राहतो ते बघा. मग बाहेर येऊन टायपिस्ट, नोटरी, स्टॅम्प यांच्याकडची गर्दी बघा, कारण तुमचं अर्धं काम तिथेच असणार आहे. हे बघून अंगावर आलं तर फी वाचली. आवडलं तर पुढचं वाचा.

मला पहिल्या आठवड्यात सरांनी दिंडोरीकडच्या एका जमिनीची फाईल दिली आणि म्हणाले तारखांची यादी कर. तीस वर्षांचे सातबारे, फेरफार (म्हणजे जमिनीवरची नावं बदलल्याच्या नोंदी), एक खरेदीखत, सगळं उलटसुलट लावलेलं. सातबाऱ्यावर एखाद्याचं नाव कमी झालं की ते कंसात जातं आणि बाजूला फेरफार नंबर असतो, हे मला कुणी शिकवलंच नव्हतं. आजोबांचं नाव कंसात गेलेलं मी बघितलं, पण कुठल्या फेरफाराने गेलं ते शोधलंच नाही, आणि नेमक्या त्याच फेरफाराला मुलांची नावं लागली होती, दोन मुलींची राहिली होती. पूर्ण केस त्या दोन बहिणींचीच होती! सर रागावले नाहीत, शेजारी बसून परत पहिल्यापासून एकेक पान लावायला लावलं, आणि तेव्हा मला कळलं की हे काम म्हणजे नुसतं टायपिंग नाही, तुमच्या एका पानावर कुणाचातरी हिस्सा अवलंबून असतो.

म्हणून घरबसल्या प्रॅक्टिस करायची तर आपल्याच गावच्या जमिनीचा सातबारा काढा, महाभूमीच्या साइटवर डिजिटल सहीचा १५ रुपयांत मिळतो, सोबत आठ-अ (एका खातेदाराच्या गावातल्या सगळ्या जमिनींचा उतारा) आणि जुने फेरफार घ्या, आणि एका कागदावर लिहा: तारीख, काय झालं, कुठल्या कागदावरून कळलं. तीन रकाने बास. हे जमलं की ई-कोर्ट्सच्या साइटवर एखादी केस तिच्या १६ अक्षर-आकडी सीएनआर नंबरवरून (प्रत्येक केसला मिळणारा वेगळा नंबर) शोधा, पुढची तारीख बघा, ऑर्डर डाउनलोड करा. एवढं येणारी मुलगी कुठल्याही ऑफिसात पहिल्या दिवसापासून उपयोगी पडते.

कोर्सचं म्हणाल तर इग्नूचा (इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचा) पॅरालीगल प्रॅक्टिसचा डिप्लोमा बारावीवर आहे, कमीत कमी एक वर्षाचा. चालू सत्रात ॲडमिशन सुरू आहे का आणि माध्यम कुठलं ते त्यांच्या पोर्टलवर स्वतः बघा, एजंटला पैसे देऊन फॉर्म भरू नका. खाजगी क्लास असेल तर आधी सिलॅबस हातात मागा. १ जुलै २०२४ पासून आयपीसी, सीआरपीसी आणि एव्हिडन्स ॲक्ट या जुन्या कायद्यांच्या जागी भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष अधिनियम आलेत. जुन्या केसेससाठी जुनी कलमंही लागतात हे खरं, पण नवीन शिकवतच नसतील तर कशाला जायचं? माझ्या मावसबहिणीने एका क्लासमध्ये पूर्ण फी आधी भरली, तिला नवीन कायदे आल्यावरही आयपीसीच्याच झेरॉक्स दिल्या आणि पैसे परत मागितले तर पावतीवर "नॉन रिफंडेबल" दाखवलं. तिचे ते पैसे शिवणकाम करून साठवलेले होते, मला अजून वाईट वाटतं.

एक फुकटचा रस्ता पण आहे. गरजूंना मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस कोर्टातच असतं, तिथे पॅरालीगल व्हॉलंटियर कधी घेणार ते विचारा. ही योजना २००९ पासून आहे, ट्रेनिंग तेच देतात. नोकरी नाही ही, काम दिलेल्या दिवसाचं मानधन असतं. पण बायकांना वकिलाची मोफत मदत मिळायला उत्पन्नाची अट नसते, लोकअदालतीत तडजोड झाली की भरलेली कोर्ट फी परत मिळते, या गोष्टी लोकांना समजावताना आपण स्वतः पक्कं शिकतो. माझ्या मते कोर्सच्या जोडीने हे केलंच पाहिजे.

आणि टायपिंग सोडू नका प्लीज. परीक्षा परिषदेची कॉम्प्युटर टायपिंगची परीक्षा, मिनिटाला मराठी ३० शब्द आणि इंग्रजी ४० शब्द, दोन्ही देऊन ठेवा, पुढे ग्रॅज्युएशन पूर्ण करून कोर्टातल्या क्लार्कच्या भरतीला बसायचं तर हीच सर्टिफिकेट्स मागतात.

कोर्टाचं वातावरण नाहीच आवडलं तर जबरदस्ती नाही. हाताने काम करायची आवड असेल तर सातपूरच्या आयटीआयला जाऊन या, वेल्डर एक वर्षाचा, इलेक्ट्रिशियन दोन वर्षांचा, नंतर अंबड-सातपूरच्या कंपन्यांत ॲप्रेंटिसशिप शोधता येते, आणि मुलींनी पण फिटर-इलेक्ट्रिशियनचा विचार करा, फक्त शिवणाच्या ट्रेडकडे बघू नका. नोकरी सांभाळून शिकायचं असेल तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आपल्याच गावात आहे, गंगापूर धरणाच्या वाटेवर गोवर्धनला, आणि शेती असेल तर तिथल्या कृषी विज्ञान केंद्राची ट्रेनिंगं विचारा.

कुठेही जा, फी भरण्याआधी मागच्या बॅचच्या दोघांचे नंबर मागा आणि त्यांना एकच विचारा, आज रोज काय काम करतोस. नंबर द्यायला टाळाटाळ केली तर ॲडमिशन घेऊ नका.