ग्रीन कार्डासाठी वकील नेमताय? या चुका टाळा

वकील फोन उचलत नाही. आरएफई (जादा पुराव्याची सरकारी मागणी) आल्यावर वेगळी फी मागितली. कंपनीच्या वकिलाने ‘हे मी तुम्हाला सांगू शकत नाही’ म्हणून हात झटकले. अमेरिकेत ग्रीन कार्डाचा अर्ज केलेल्यांच्या वकिलांबद्दलच्या तक्रारी फिरून फिरून याच असतात. नालायक वकील आहेत, नाही असं नाही. पण बऱ्याच प्रकरणांत गोंधळ होतो तो वकील नक्की कोणाचा, पैसे कोणत्या कामाचे आणि कागद तपासायचे कोणी, हे पहिल्या दिवशी न ठरल्यामुळे.

वकील आहे का, हेच न तपासणं

भारतात नोटरी हा अनुभवी वकील असतो, त्यामुळे पाटीवर ‘नोटरी’ दिसलं की आपल्याला भरवसा वाटतो. अमेरिकेत नोटरीचं काम सही करणाऱ्याची ओळख पटवण्यापुरतं असतं. त्याला इमिग्रेशनचा सल्ला देण्याचा अधिकार नाही. ‘कन्सल्टंट’ आणि ‘फॉर्म भरून देणारे’ यांचंही तेच. यूएससीआयएससमोर, म्हणजे इमिग्रेशनचे अर्ज तपासणाऱ्या सरकारी खात्यासमोर, तुमची बाजू मांडू शकतात ते अमेरिकेतल्या कोणत्याही एका राज्याच्या बारचे वकील, किंवा न्याय खात्याने मान्यता दिलेल्या ना-नफा संस्थांचे अधिकृत प्रतिनिधी. पुण्या-मुंबईतल्या एजंटाकडे भारतातली सनद असली तरी अमेरिकेत दाखल होणाऱ्या आय-४८५साठी (ग्रीन कार्डाचा शेवटचा अर्ज) ती चालत नाही.

तपासायला पाच मिनिटं लागतात. वकिलाला राज्य आणि बार क्रमांक विचारा, त्या राज्याच्या बारच्या संकेतस्थळावर नाव टाका, परवाना चालू आहे का आणि शिस्तभंगाची नोंद आहे का ते बघा. इमिग्रेशन कायदा केंद्राचा असल्यामुळे न्यूयॉर्कच्या परवान्याचा वकील टेक्सासमधलं प्रकरण चालवू शकतो, त्यात काही गैर नाही. व्यावसायिक संघटनेचं सभासदत्व हा मात्र परवाना नव्हे.

खरी खूण म्हणजे जी-२८ फॉर्म, म्हणजे इथलं वकीलपत्र. ‘मी सगळं करतो, पण फॉर्मवर माझं नाव नको’ असं कोणी म्हणाला तर तिथूनच परत फिरा.

कंपनीचा वकील म्हणजे आपला वकील, हा समज

एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांची सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. पर्म (त्या जागेसाठी अमेरिकन कामगार मिळत नाही, हे कामगार खात्याला दाखवणारा अर्ज) आणि आय-१४० (त्यानंतर कर्मचाऱ्यासाठी यूएससीआयएसकडे करायची याचिका) हे अर्ज कंपनीचे असतात. अर्जदार कंपनी, तुम्ही लाभार्थी. वकील बहुधा दोघांचंही काम बघतो, पण नेमणूक आणि बिल कंपनीचं. अशा दुहेरी वकिलीत तुम्ही वकिलाला सांगितलेली गोष्ट कंपनीपासून लपून राहील, असं धरून चालू नका. ‘मी दुसरीकडे मुलाखती देतोय, काय करू?’ हा प्रश्न कंपनीच्या वकिलाला विचारणं म्हणजे एचआरला विचारण्यासारखंच आहे.

तुमची आणि कंपनीची वाट एक आहे तोवर काही अडत नाही. नोकरी बदलताना, ले-ऑफच्या वेळी किंवा बढतीमुळे कामाचं स्वरूप पालटल्यावर वाटा फुटतात. अशा वेळी स्वतःच्या पैशाने तासाभराचा स्वतंत्र सल्ला घ्या. जाताना दोन आकडे डोक्यात असू द्या. आय-१४० मंजूर होऊन १८० दिवस झाले असतील, तर कंपनीने तो नंतर मागे घेतला तरी तेवढ्या कारणावरून मंजुरी रद्द होत नाही. आणि आय-४८५ दाखल होऊन १८० दिवस उलटले असतील, तर त्याच किंवा तशाच प्रकारच्या कामासाठी सप्लिमेंट जे हा आय-४८५चा पुरवणी फॉर्म भरून नोकरी बदलता येते. १७५व्या दिवशी राजीनामा देऊन मग वकील शोधणारे लोक असतात, म्हणून हे सांगावं लागतं.

पैशाचंही इथेच बघून घ्या. १६ जुलै २००७पासून पर्मची वकील फी आणि जाहिरातींचा खर्च कंपनीनेच करायचा, असा कामगार खात्याचा नियम आहे. ‘दोन वर्षांत नोकरी सोडल्यास पर्मचा खर्च परत द्यावा’ हे करारातलं कलम या नियमात बसत नाही. आय-१४० आणि आय-४८५चा खर्च कर्मचाऱ्याकडून घेता येतो. त्यामुळे बिल एकत्र न घेता कामानुसार वेगळं मागा.

आणि पर्म दाखल होण्याआधी त्यातली पात्रतेची अट नजरेखालून घाला. नंतर ती बदलता येत नाही. आपली तीन वर्षांची बी.एस्सी. किंवा बी.कॉम. एकटी असेल तर ती अमेरिकेतल्या चार वर्षांच्या पदवीच्या तोडीची धरली जात नाही, आणि ईबी-२मध्ये (उच्च पदवीधरांच्या ग्रीन कार्डाच्या वर्गात) हे हमखास अडतं. अनुभवपत्रांचंही तसंच. भारतातल्या कंपनीचं रिलीव्हिंग लेटर पुरत नाही; पद, पूर्णवेळ काम, सुरुवात-शेवटच्या तारखा आणि प्रत्यक्ष कामांचं वर्णन असलेलं पत्र लेटरहेडवर लागतं. ते मिळत नसेल तर जुन्या साहेबाचं किंवा सहकाऱ्याचं प्रतिज्ञापत्र आणि जोडीला पगारपत्रकं. वकील हे मागेल तेव्हा मागेल, तुम्ही आधीच गोळा करा.

‘फ्लॅट फी’ ऐकून निश्चिंत होणं

एकरकमी फी चांगलीच, पण तिच्यात काय येतं ते लेखी हवं. आरएफईचं उत्तर फीमध्ये आहे का? मुलाखतीला वकील स्वतः येणार का? नवरा-बायको आणि मुलांचे अर्ज धरलेत का? भाषांतर, कुरिअर, सरकारी फी वेगळी? एका आय-४८५ची सरकारी फी १ एप्रिल २०२४पासून प्रौढ व्यक्तीसाठी १,४४० डॉलर आहे, आणि वर्क परमिट व अ‍ॅडव्हान्स पॅरोलची (परदेशात जाऊन परत येण्याच्या परवानगीची) फी तेव्हापासून तिच्यात धरलेली नाही. चौघांच्या कुटुंबाचा हिशेब वकिलाच्या फीपेक्षा मोठा निघू शकतो. प्रकरण रोज कोण हाताळणार, वकील की पॅरालीगल (वकिलाचा मदतनीस), हेही विचारा. पॅरालीगलने फॉर्म भरणं यात वावगं काही नाही; वकिलाने ते वाचलेलेच नसणं हे वाईट.

मंजुरीची हमी कोणताही प्रामाणिक वकील देत नाही. ‘नव्व्याण्णव टक्के मंजुरी’ अशी जाहिरात असेल तर कोणत्या प्रकारच्या अर्जांत, आणि किती नाकारले म्हणून पुन्हा भरले, ते विचारा.

रांगेबाहेर काढून देण्याचं आमिष

नॅशनल इंटरेस्ट वेव्हर (राष्ट्रहिताच्या कारणावरून मिळणारी सूट) आणि ईबी-१ए (असाधारण कर्तृत्वाचा वर्ग) यांचा सध्या बाजार मांडलाय. वेव्हरमुळे कंपनी आणि पर्म दोन्ही टळतात, हे खरं. पण भारतात जन्मलेल्यासाठी तो ईबी-२च्याच रांगेत उभा करतो, आणि ती रांग दशकभराहून लांब आहे. प्रीमियम प्रोसेसिंगचे (लवकर निकालासाठीचे जादा) पैसे भरलेत म्हणून प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतली तुमची जागा, पुढे सरकत नाही. आय-१४०चा निकाल तेवढा लवकर लागतो. ईबी-१एमध्ये दहापैकी तीन निकष दाखवले की झालं, असं सांगणारा वकील अर्धंच सांगतोय. त्यानंतर सगळा पुरावा एकत्र तोलून अधिकारी ठरवतो, आणि पैसे देऊन मिळवलेले पुरस्कार, घाईने छापून आणलेले लेख तिथेच उघडे पडतात.

रांग ठरते ती जन्माच्या देशावरून, नागरिकत्वावरून नाही. गोव्यातल्या अनेकांकडे पोर्तुगीज पासपोर्ट आहे, पण जन्म म्हापशाचा किंवा मडगावचा असेल तर रांग भारताचीच. उलट जोडीदाराचा जन्म कुवेतमध्ये किंवा मस्कतमध्ये झाला असेल, तर त्याच्या जन्मदेशाच्या रांगेचा फायदा दोघांनाही घेता येतो. पहिल्याच भेटीत वकिलाने हे विचारलं नाही तर तुम्ही सांगा. मुलाचं वय पंधराच्या पुढे असेल तर सीएसपीएचा, म्हणजे अर्जात मुलाचं वय किती धरायचं ते ठरवणाऱ्या कायद्याचा, हिशेबही कागदावर मांडून मागा. १५ ऑगस्ट २०२५पासून यूएससीआयएस त्यासाठी व्हिसा बुलेटिन या रांगेच्या मासिक पत्रकातला फायनल अ‍ॅक्शनचा तक्ता धरते. त्याआधीच्या हिशेबावर विसंबू नका.

जन्म दाखला आणि नावांचा घोळ

मराठी घरांतल्या प्रकरणांना हमखास आरएफई येते ती इथे. अमेरिकन वकिलाला आपली नावाची पद्धत माहीत असेलच असं नाही. लग्नाआधी मीरा रमेश जोशी, लग्नानंतर मीरा अजय कुलकर्णी. म्हणजे फक्त आडनाव नाही, मधलं नावही बदललं. पदवीवर एक, पासपोर्टवर दुसरं, मुलाच्या जन्म दाखल्यावर आईचं तिसरंच, कारण सासरी नाव बदललं होतं. आय-४८५मध्ये आतापर्यंत वापरलेली सगळी नावं लिहायची असतात. ही यादी स्वतः करून वकिलाला द्या. कोणत्या कागदावर कोणतं नाव आहे तेही लिहा, आणि जोडीला विवाह प्रमाणपत्र, असल्यास राजपत्राची प्रत.

जन्म दाखल्यात साधारण तीन अडचणी येतात. नावाची जागा कोरी असते किंवा नुसतं ‘मुलगी’ लिहिलेलं असतं. नोंद जन्मानंतर कित्येक वर्षांनी झालेली असते. किंवा नोंदच नसते. शाळेत घालताना मास्तरांनी लावलेली १ जून ही तारीख तर घरोघरी सापडते, आणि पासपोर्टवर तीच असते. ग्रामपंचायतीचा दाखला वेगळी तारीख दाखवत असेल तर तो लपवू नका. वकिलाला दोन्ही दाखवा आणि फरकाचा खुलासा अर्जासोबतच जाऊ द्या.

नोंद नसेल तर ज्या ग्रामपंचायतीच्या, नगरपालिकेच्या किंवा महापालिकेच्या हद्दीत जन्म झाला तिथून अनुपलब्धता प्रमाणपत्र घ्या. त्या काळातलं रजिस्टर तपासलं आणि नोंद आढळत नाही, असं त्यात स्पष्ट हवं. सोबत शाळा सोडल्याचा दाखला आणि जन्माची प्रत्यक्ष माहिती असलेल्या दोघांची प्रतिज्ञापत्रं. आई-वडील असतील तर उत्तम, नाहीतर वयाने मोठे मामा, आत्या. प्रतिज्ञापत्रात त्यांची स्वतःची जन्मतारीख-जन्मस्थळ, पत्ता, तुमच्याशी नातं आणि ‘ही माहिती मला कशी आहे’ हे यायलाच हवं. आत्याचं वय तुमच्यापेक्षा तीनच वर्षांनी जास्त असेल, तर तिच्या साक्षीला अर्थ नाही.

मराठी कागदाचं इंग्रजी भाषांतर पूर्ण लागतं, शिक्क्यातल्या मजकुरासकट. भाषांतर करणाऱ्याने ‘मला दोन्ही भाषा येतात, भाषांतर पूर्ण व अचूक आहे’ असं लिहून सही करायची. नोटरीची गरज नाही. वकिलाचं ऑफिस पानागणिक पैसे लावत असेल तर चांगली इंग्रजी येणाऱ्या मित्राकडून करून घ्या. अर्जदाराने स्वतः करणं टाळलेलं बरं.

न वाचता सही

‘इथे इथे सही करा, बाकी आम्ही भरतो’ असं म्हणून कोरे फॉर्म पाठवणारी ऑफिसं आहेत. सही तुमची आणि शपथही तुमची. खोटी किंवा चुकीची महत्त्वाची माहिती गेली तर ‘वकिलाने भरलं होतं’ ही सबब टिकत नाही, आणि जाणूनबुजून केलेल्या खोट्या निवेदनामुळे कायमची अपात्रता येऊ शकते. भरलेला फॉर्म पीडीएफमध्ये मागा आणि निदान पत्ते, नोकऱ्यांच्या तारखा, आय-९४ (अमेरिकेत आल्याची नोंद) आणि ‘हो-नाही’चे प्रश्न स्वतः वाचा. दारू पिऊन गाडी चालवल्याचा जुना खटला निकाली निघाला असला तरी वकिलाला सांगा आणि कोर्टाची प्रमाणित प्रत द्या. तुमच्या स्वतःच्या वकिलाशी झालेलं बोलणं गोपनीय असतं. बोटांच्या ठशांची तपासणी होतेच.

पाकीट परत येणं

प्रायॉरिटी डेट करंट झाली म्हणजे रांगेत नंबर आला, अर्ज गेला आणि तीन आठवड्यांनी सगळा गठ्ठा परत. कारणं ठराविक: फॉर्मची जुनी आवृत्ती, राहिलेली सही, चुकीची फी, कार्डावर न गेलेले पैसे. २८ ऑक्टोबर २०२५नंतर कागदी चेक जवळजवळ बंद झालेत. क्रेडिट कार्डाने पैसे भरायचे तर जी-१४५० फॉर्म, बँक खात्यातून भरायचे तर जी-१६५०. चौघांची फी एकाच कार्डावर टाकत असाल तर मर्यादा वाढवून घ्या आणि बँकेला कळवून ठेवा. २ डिसेंबर २०२४पासून आय-६९३ हा वैद्यकीय अहवाल आय-४८५सोबतच जोडावा लागतो, तोही सिव्हिल सर्जनने (यूएससीआयएसने नेमलेल्या डॉक्टरने) बंद केलेल्या पाकिटातच. ते फोडायचं नाही. बुलेटिनमधली तारीख पुढच्या महिन्यात मागे गेली तर परत आलेला अर्ज वर्षानुवर्षं घरी बसतो, म्हणून महिन्याच्या पहिल्या आठवड्यातच पाठवण्याचा आग्रह धरा.

वकील गप्प झाला तर

आधी तुमचा पावती क्रमांक हातात आहे ना ते बघा: तीन अक्षरं, दहा आकडे. त्यावरून स्थिती स्वतः पाहता येते. घर बदललं तर दहा दिवसांत पत्ता कळवणं ही तुमची जबाबदारी. आय-१४०वरची आरएफई कंपनीला आणि वकिलाला जाते, तुम्हाला नाही, त्यामुळे स्थिती बदललेली दिसली की लगेच प्रत मागा. आरएफईला जास्तीत जास्त ८४ दिवस मिळतात, टपालाने आली तर आणखी ३, मुदतवाढ नाही. उत्तरही एकदाच द्यायचं. निम्मे कागद आज आणि निम्मे नंतर, हे चालत नाही.

दोन ईमेलना उत्तर नाही, तर तिसरा ईमेल ठरावीक तारखेपर्यंत उत्तर मागणारा पाठवा. तरीही शांतता असेल तर नवा वकील नेमा. तो नवा जी-२८ दाखल करतो. जुन्याच्या परवानगीची गरज नसते. तुमच्या स्वतःच्या अर्जाची फाइल लेखी मागा. पर्म-आय-१४०ची फाइल कंपनीची म्हणून मिळाली नाही, तर यूएससीआयएसकडे माहितीच्या अधिकाराखाली ऑनलाइन अर्ज करा. स्वतःच्या नोंदींसाठी तो साधारण फुकट पडतो. वकिलाच्या चुकीने अर्ज नाकारला गेला असेल तर वेळ दवडू नका: आय-२९०बीसाठी (फेरविचाराचा किंवा अपिलाचा फॉर्म) ३० दिवस, निकाल टपालाने आला असेल तर ३३. नव्या वकिलाने जुन्याला चूक लेखी कळवून त्याचं म्हणणं मागवायचं, तुम्ही काय ठरलं होतं त्याचं प्रतिज्ञापत्र द्यायचं, आणि राज्याच्या बारकडे तक्रार करायची किंवा का केली नाही ते लिहायचं. १९८८च्या ‘लोझाडा’ निकालापासून ही रीत चालत आली आहे.