पापणीच्या आतली रांजणवाडी: शेकायची कशी, डॉक्टरांकडे कधी जायचं

कापसाची वेचणी सुरू झाली की आमच्या खानदेशात डोळे चोळणारी माणसं जास्त दिसतात. धूळ, घाम आणि तेच हात डोळ्यांना. गेल्या वेचणीत आईची खालची पापणी सुजली. बाहेर फोड नव्हता, पण उघडझाप केली की खडा टोचल्यासारखं व्हायचं. आरशासमोर पापणी हलकेच खाली ओढली, तर आत लाल जागेवर मोहरीएवढा पिवळा ठिपका.

ही आतली रांजणवाडी. पापणीत तेल सोडणाऱ्या बारीक ग्रंथींची रांग असते. एखादीचं तोंड बुजतं, आत जंतू वाढतात आणि पू धरतो. थंडीत डब्यात थिजलेलं तूप उबेनं जसं पातळ होतं, तसंच हे तेल. त्यामुळे खरा उपचार शेकच.

आधी हात साबणानं धुवा. पाणी उकळून कोमट होऊ द्या. मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून पाहा, चटका बसता कामा नये. सुती कापडाची चौपदरी घडी बुडवून पिळा आणि मिटलेल्या डोळ्यावर ठेवा. कापड मिनिटा-दोन मिनिटांत गार होतं, तेव्हा पुन्हा बुडवा. असं १० ते १५ मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. बहुतेक जण इथंच कमी पडतात: दोन मिनिटं शेकतात आणि गुण येत नाही म्हणतात. शेकून झालं की मिटलेल्या पापणीवरून बोट अगदी हलकं, पापण्यांच्या केसांकडे फिरवा. कापड दर वेळी धुऊन उन्हात वाळवा. ऊन आपल्याकडे भरपूर आहे.

दाबून पू काढू नका, सुई तर लावूच नका. संसर्ग आत पसरतो. खारकेची बी किंवा लवंग उगाळून लावायची पद्धत घरोघरी आहे. सांगणाऱ्या आजीची माया खरी, पण सहाणेवरची घाण थेट डोळ्यात जाते. मेडिकलमधून मनानं थेंब आणू नका. त्यात स्टिरॉइड असेल तर डोळ्याचं नुकसान होऊ शकतं. बरं होईपर्यंत काजळ आणि लेन्स बंद, टॉवेल वेगळा.

बहुतेकदा आठवड्या-दोन आठवड्यांत पू आपोआप निघून जातो. दोन-तीन दिवस नीट शेकूनही सूज वाढतच असेल, तर नेत्रतज्ज्ञांना दाखवा. ते गोळ्या देतील किंवा भूल देऊन आतून छोटा छेद घेतील. मधुमेह असेल तर वाट पाहू नका. ताप आला, सूज गालापर्यंत उतरली, नजर अंधुक झाली, डोळा हलवताना दुखू लागला, तर त्याच दिवशी निघा.

दुखणं थांबून नुसती गाठ उरली, तरी महिनाभर शेकत राहा. त्यानंतरही ती राहिली, किंवा त्याच जागी पुन्हा पुन्हा आली, विशेषतः वयस्कर माणसाला, तर ती गाठ तपासून घ्याच.