शाळांच्या संघांची तिरंदाजी स्पर्धा भरवताना

तारीख, पाहुणे, ट्रॉफ्या हे सगळं नंतर. आधी अंतर ठरवा, आणि ते ठरवताना सगळ्यांत कच्चा संघ डोळ्यासमोर ठेवा. मोठ्यांच्या रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेल्या धनुष्याच्या) स्पर्धा मैदानावर ७० मीटरवरून १२२ सेंटिमीटरच्या फेसवर, म्हणजे रंगीत वर्तुळांच्या लक्ष्याच्या कागदावर होतात आणि सभागृहात १८ मीटरवरून ४० सेंटिमीटरच्या फेसवर. आपणही तेच करावं असा मोह शाळांना पडतो. ज्यांनी याच वर्षी धनुष्य हातात घेतलं त्या मुलांवर तो अन्याय आहे. दिवसभर एकामागून एक बाण चुकवत राहिलेलं मूल पुढच्या वर्षी सरावाला फिरकत नाही, आणि मला ते मूल हवं आहे. पहिल्या तिघांची काळजी त्यांचं कौशल्य घेतं. स्पर्धा आखायची ती शेवटच्या क्रमांकाच्या मुलासाठी.

माझी कसोटी साधी आहे. प्रवेशिका मागवतानाच प्रत्येक प्रशिक्षकाला विचारते, तुमच्या संघातल्या सर्वांत नवख्या मुलाचे सहापैकी किती बाण या अंतरावरून फेसवर लागतात? पाचाहून कमी असतील तर अंतर कमी करायचं किंवा फेस मोठा घ्यायचा. नवख्यांना १० मीटर आणि ८० सेंटिमीटरचा फेस, थोडा सराव झालेल्यांना १८ मीटर आणि ८० किंवा ६० चा फेस, ही मांडणी बहुतेक वेळा नीट बसते. अमेरिकेत केंटकी राज्यात २००२ मध्ये सुरू झालेला शालेय तिरंदाजीचा कार्यक्रमही याच वाटेने गेला. तिथे अंतरं १० आणि १५ मीटर, फेस ८० चा आणि सगळ्या मुलांच्या हातात एकाच बनावटीचं धनुष्य. शेवटची अट मला फार मोलाची वाटते, कारण त्यामुळे कोणत्या शाळेने किती महागडं सामान घेतलं हा प्रश्नच उरत नाही. सगळ्यांना सारखी धनुष्यं देणं जमणार नसेल तर निदान गट वेगळे ठेवा. साइट (नेम धरायचं साधन) लावलेलं रिकर्व्ह, बिनसाइटचं धनुष्य आणि कंपाऊंड, म्हणजे टोकांना चाकं असलेलं धनुष्य, यांचे गुण एका यादीत कधीच घालू नका.

संघ किती जणांचा?

मी सहा जण घेते आणि त्यांतल्या सर्वोत्तम चौघांचे गुण संघासाठी धरते. एखाद्याचा दिवस वाईट गेला म्हणून संघ बुडत नाही आणि त्या मुलावर कोणी डोळे वटारत नाही. दोन संघांची बेरीज सारखी आली तर पाचव्याचे गुण बघायचे, तरीही फरक पडला नाही तर सहाव्याचे. त्यामुळे पाचवा आणि सहावाही शेवटच्या बाणापर्यंत मन लावून खेळतात. वैयक्तिक गुणांत बरोबरी झाली तर ज्याचे दहा गुणांचे बाण जास्त तो पुढे, तेही सारखे असतील तर आतल्या छोट्या वर्तुळातले, म्हणजे एक्सचे बाण मोजायचे. हे सगळं प्रवेशिकेवरच छापा. बरोबरीचा नियम निकालाच्या वेळी सांगितला की तो कोणाच्या तरी बाजूने केल्यासारखा दिसतो.

आता वेळेचा हिशेब. आठ शाळा, प्रत्येकी सहा, म्हणजे ४८ मुलं. एका बट्रेसवर, म्हणजे फेस लावायच्या जाड फळ्यावर, चौघं धरली तर १२ बट्रेस लागतील. चौघांपैकी ए आणि बी आधी मारतात, मग सी आणि डी, आणि पुढच्या एंडला, म्हणजे बाण काढून आणेपर्यंतच्या फेरीला, क्रम उलटा. एका एंडला तीन बाण. मोठ्यांसाठी नियम काहीही असो, मुलांना मी एका बाणाला ४० सेकंद देते, म्हणजे एका जोडीला दोन मिनिटं. लाइनवर येऊन उभं राहायला १० सेकंद. दोन्ही जोड्या मिळून चार मिनिटं वीस सेकंद होतात. चालत जाणं, गुण लिहिणं, बाण काढणं आणि परतणं यात सहा मिनिटं सहज जातात. म्हणजे एक एंड साधारण साडेदहा मिनिटांचा. दहा एंड आणि त्याआधीचे सरावाचे दोन धरले तर दोन तासांहून थोडी जास्त खेळी झाली, मधली विश्रांती वेगळी. हा हिशेब कागदावर न मांडता स्पर्धा जाहीर केली की दुपारी घाई होते, आणि तिरंदाजीत घाईसारखा धोका नाही.

मैदान

प्रत्येक तिरंदाजाला लाइनवर कमीत कमी ८० सेंटिमीटर जागा हवी. मुलांना मी एक मीटर देते. दोन बट्रेसच्या केंद्रांत अडीच मीटर ठेवलं तर १२ बट्रेसना सुमारे ३० मीटर रुंदी लागते, आणि दोन्ही बाजूंना मोकळी पट्टी वेगळी. शूटिंग लाइनच्या मागे पाच मीटरवर वेटिंग लाइन आखा. तिच्या मागे सामान, त्याच्याही मागे प्रेक्षक. शूटिंग लाइनच्या पुढे तीन मीटरवर आणखी एक रेघ मारा. हातातून निसटलेला बाण या पट्टीत पडला तर तो मारलेला धरत नाहीत, मुलाला दुसरा बाण मारता येतो. नवख्यांच्या हातून बाण निसटतातच, त्यामुळे ही रेघ विसरू नका.

लक्ष्याच्या मागे मातीचा उंच बांध असेल तर उत्तम. नसेल तर बाण अडवणारी जाळी, आणि जाळीमागे कोणाला येता येणार नाही असं मोकळं रान. बट्रेसच्या मागून जाणारी पायवाट, मग ती कितीही क्वचित वापरातली असो, दोन्ही टोकांना दोरी बांधून बंद करा आणि तिथे माणूस उभा करा. बट्रेस १० ते १५ अंश मागे कललेलं आणि फेसचा मध्य जमिनीपासून १३० सेंटिमीटरवर. ते मागून खुंट्यांना दोरीने पक्कं बांधा, नाहीतर बाण ओढताना अख्खं बट्रेस मुलाच्या अंगावर येऊ शकतं. सकाळी प्रत्येक बट्रेस स्वतः हाताने ओढून बघा.

मैदानी स्पर्धेत उजव्या हाताने दोरी ओढणारी मुलं सगळी एका दिशेला तोंड करून उभी असतात. डावखुरं मूल डावीकडच्या शेजाऱ्याच्या समोरासमोर येतं, आणि लहान मुलं त्याने बावरतात. म्हणून डावखुऱ्यांना डावीकडच्या टोकाचं बट्रेस द्यावं. व्हीलचेअरवरचा खेळाडू असेल तर तो पूर्ण वेळ लाइनवरच थांबू शकतो. त्याचे बाण बघायला आणि काढायला एक मदतनीस नेमा.

शिटी

दोन शिट्या: लाइनवर या. एक: मारा. तीन: बाण आणायला चला. पाच किंवा जास्त, लागोपाठ: जिथे असाल तिथे थांबा, दोरी सावकाश सैल करा, बाण भात्यात. या चार खुणांपलीकडे मैदानावर दुसरा कोणताही आवाज हुकूम म्हणून चालत नाही, आणि शिटी एकाच माणसाच्या हातात असते. लाइनवरची सगळी मुलं मागे आल्याची खात्री झाल्याशिवाय तीन शिट्या वाजत नाहीत. सरावाच्या पहिल्या एंडमध्ये मी कारण नसताना पाच शिट्या मारते. मुलं दचकतात, एकमेकांकडे बघतात. दुसऱ्या वेळी सगळी दोरी सैल करून उभी असतात. ही तालीम मी कधीही वगळत नाही. तीच शिटी वीज चमकली तरी वाजते, आणि मग कितीही एंड बाकी असले तरी मैदान रिकामं होतं.

बाण लावून धनुष्य आभाळाकडे नेऊन ओढणाऱ्या मुलाला लगेच थांबवा. तसा सुटलेला बाण बांधावरून पलीकडे जातो. बाण न लावता दोरी ओढून सोडणंही बंद, त्याने धनुष्याचे लिंब, म्हणजे वाकणारे दोन बाहू, तडकतात.

सामानाची तपासणी

ही सकाळी, प्रशिक्षकासमोर करा. प्रत्येक बाणावर मुलाची खूण किंवा आद्याक्षर हवं. कार्बनचे बाण कानाजवळ हलकेच वाकवून बघा. तड गेल्याचा आवाज आला किंवा बोटाला चीर लागली तर तो बाण बाजूला. मुलाच्या ओढीपेक्षा आखूड बाण अजिबात चालवू नका. तो रेस्टवरून (धनुष्यावर बाण टेकवायच्या जागेवरून) मागे घसरला तर सुटताना थेट धनुष्य धरलेल्या हातात शिरू शकतो. तपासणीत ही एकच गोष्ट बघायची वेळ असेल तर हीच बघा. दोरीचे धागे सुटलेत का, नॉक (बाणाच्या मागच्या टोकाची दोरीत बसणारी खाच) फुटलाय का, हाताला दोरी लागू नये म्हणून आर्मगार्ड आणि बोटांसाठी फिंगर टॅब आहे का, केस बांधलेत का, गळ्यात काही लोंबत नाही ना, पाय पूर्ण झाकणारे बूट आहेत का, हे ओघाने येतं. जादा दोऱ्या, नॉक आणि काही आर्मगार्ड आयोजकांच्या टेबलावर असू द्या.

गुण लिहिणं

शालेय स्पर्धेतली भांडणं लक्ष्याजवळच होतात, म्हणून इथे सर्वांत जास्त माणसं लावा. दर तीन बट्रेसमागे एक पंच असेल तर काम शांतपणे होतं.

एका बट्रेसवरची चारही मुलं वेगवेगळ्या शाळांची असावीत. चौघांपैकी दोघं वेगवेगळ्या कागदांवर लिहितात, ज्याचा बाण तो मोठ्याने गुण सांगतो आणि बाकीचे बघतात. मोठ्या गुणापासून छोट्याकडे: नऊ, सात, चार. पिवळ्यात दहा आणि नऊ, लालमध्ये आठ-सात, निळ्यात सहा-पाच, काळ्यात चार-तीन, पांढऱ्यात दोन-एक. बाहेर गेलेल्यासाठी एम, म्हणजे मिस, शून्य गुण. बाण रेघेला शिवला तर वरचा गुण. शिवला की नाही यावर दोन मतं झाली की पंचाला बोलवायचं, आणि तोवर बाणाला किंवा फेसला कोणीही हात लावायचा नाही. हे मुलांकडून आधी म्हणवून घ्या. कोणी नकळत बाण हलवला की पंचाकडेही उत्तर उरत नाही.

काही प्रसंग मुलांना आधीच सांगून ठेवा. एंडमध्ये चुकून चार बाण मारले तर सर्वांत कमी गुणांचे तीन धरतात. वेळ संपल्यावर किंवा शिटीआधी बाण मारला तर त्या एंडमधला सर्वांत मोठा गुण जातो. दुसऱ्या बाणाच्या नॉकमध्ये घुसून अडकलेल्या बाणाला त्या बाणाइतकेच गुण. बाण आपटून खाली पडला तर फेसवर खूण नसलेलं भोक शोधतात. त्यासाठी प्रत्येक एंडनंतर जुन्या सगळ्या भोकांवर पेनाने खूण करायची असते. हे काम कंटाळवाणं आहे, पण तेवढ्यावर एखाद्या मुलीचे नऊ गुण वाचतात.

लिहिलेला आकडा खोडायचा झाला तर पंचाची सही. शेवटी लिहिणाऱ्याची आणि खेळाडूची सही, मगच कागद टेबलावर. टेबलावर दोन माणसं बेरीज करतात, एकमेकांची न बघता.

बाण काढतानाची शिस्त गुणांइतकीच महत्त्वाची. लक्ष्याकडे चालत जायचं, धावायचं नाही. रुतलेल्या बाणांचे नॉक बरोबर मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर असतात. काढणारा बाजूला उभा राहतो, एक तळवा फेसवर दाबतो, मागे कोणी नाही हे बघतो आणि बाण सरळ ओढतो. बाकीचे दोन पावलं लांब.

संघांच्या लढती

सकाळच्या गुणांवरून क्रम लावा आणि पहिला-आठवा, चौथा-पाचवा, दुसरा-सातवा, तिसरा-सहावा अशा लढती ठरवा. हरलेल्या संघाला घरी पाठवू नका. हरलेले हरलेल्यांशी खेळले की आठही शाळांना तीन-तीन लढती मिळतात आणि पहिल्यापासून आठव्यापर्यंत सगळे क्रमांक मैदानावरच ठरतात. एका वेळी चार लढती, तीन फेऱ्या, एकूण बारा.

लढतीत संघाचे तिघं उतरतात. एका सेटमध्ये प्रत्येकाचे दोन, म्हणजे सहा बाण. मोठ्यांना त्यासाठी दोन मिनिटं असतात, मुलांना तीन द्या. जास्त गुण करणाऱ्या संघाला सेटचे दोन, बरोबरीत एक-एक. पाच सेट-गुण आधी करणारा जिंकतो. चार सेटनंतर चार-चार झाले तर प्रत्येकी एक बाणाचा शूट-ऑफ, आणि त्यातही बरोबरी झाली तर मध्याच्या सर्वांत जवळचा बाण. संघ शूटिंग लाइनच्या मागे एक मीटरवरच्या रेघेमागे थांबतो आणि एका वेळी एकच जण पुढे जातो. पहिला परत आल्याशिवाय दुसऱ्याने ती रेघ ओलांडली तर पंच पिवळं कार्ड दाखवतो आणि मुलाला मागे यावं लागतं.

मी एक अट माझी घालते. तीन लढती मिळून सहाही मुलांनी निदान एकदा उतरलंच पाहिजे. प्रत्येक लढतीआधी प्रशिक्षकाने तीन नावं लिहून द्यायची. काही प्रशिक्षक कुरकुरतात. त्यांना मी सांगते, तुमचा सहावा खेळाडू आज शूट-ऑफचा बाण मारू शकतो, त्याला तयार करा. सकाळी शांतता पाळणारे पालक इथे मोकळेपणाने ओरडू शकतात, फक्त कोणत्या संघाचा बाण चुकला म्हणून टाळी वाजता कामा नये.

निकाल जाहीर करण्याआधी गुणपत्रकं अर्धा तास फलकावर लावून ठेवा, म्हणजे हरकत असेल त्याला वेळ मिळेल. वैयक्तिक बक्षिसांबरोबर पहिल्या आणि शेवटच्या पाच एंडमधल्या गुणांत सर्वाधिक वाढ दाखवणाऱ्या मुलाला एक बक्षीस द्या. हा आकडा गुणपत्रकावर आयता असतो, आणि हे बक्षीस बहुतेकदा अशा शाळेला जातं जिचं नाव एरवी पुकारलं जात नाही.

सगळे पांगण्याआधी सर्व संघांना लक्ष्यामागे एका ओळीत, हातभर अंतरावर उभं करा आणि गवत तपासत चालवा. हरवलेले बाण, तुटलेली टोकं, कार्बनचे तुकडे, नॉक सगळं उचला. किती बाण हरवल्याची नोंद झाली आणि किती सापडले हे वहीत टिपा. आकडे जुळले नाहीत तर ज्यांच्या ताब्यात मैदान आहे त्यांना त्याच दिवशी कळवा, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे अनवाणी मुलं खेळायला येऊ शकतात.