स्वतः कंपाईल केलेला लिनक्स कर्नल बूट होत नाहीये? आधी पॅनिकच्या वरच्या ओळी वाचा

'अनेबल टू माउंट रूट एफएस' (रूट फाईलसिस्टीम जोडता आली नाही) असं पॅनिक, म्हणजे कर्नल थांबवणारी एरर, आलं की बरेच जण थेट मेन्यूकॉन्फिग, म्हणजे कर्नलचे पर्याय निवडायचा मेन्यू, उघडतात, दिसेल ते ऑन करत सुटतात आणि परत तासभर कंपाईल. कृपया असं करू नका, काय बिघडलंय ते स्क्रीनवरच लिहिलेलं असतं.

जुना कर्नल उडवला नसेल तर ग्रबच्या (कर्नल निवडायचा बूट मेन्यू) ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समधून त्यावर कधीही बूट करता येतं, त्यामुळे घाबरू नका. आधी ग्रबमध्ये नवीन कर्नलवर 'ई' दाबा, 'लिनक्स'ने सुरू होणाऱ्या ओळीतून मेसेज लपवणारे 'क्वाएट' आणि 'स्प्लॅश' हे शब्द काढा, एफ१० दाबा, म्हणजे सगळे मेसेज दिसतील.

आता पॅनिकच्या ओळीत 'अननोन-ब्लॉक'पुढच्या कंसातले आकडे बघा. (८,२) किंवा (२५९,२) असं काही असेल तर डिस्क सापडलीये, बहुतेक फाईलसिस्टीमचा ड्रायव्हर नाहीये, म्हणजे ईएक्सटी४ किंवा बीटीआरएफएस, जे वापरता ते. (०,०) असेल तर रूट सापडलंच नाही, मग वर 'अव्हेलेबल पार्टिशन्स'ची यादी बघायची. यादीत तुमची डिस्कच नाही? मग डिस्कचा, म्हणजे एनव्हीएमई किंवा साटासाठी एएचसीआयचा, ड्रायव्हर कर्नलमध्ये नाही. डिस्क आहे तरी (०,०)? मग लिनक्सच्या ओळीतलं रूट= (रूट कुठे आहे ते सांगणारा भाग) चुकलंय, किंवा तिथे यूयूआयडी (फाईलसिस्टीमचा ओळख क्रमांक) दिलाय आणि इनिट्रॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला मेमरीत येणारी, ड्रायव्हर असलेली छोटी फाईलसिस्टीम) लोडच झालेला नाही, कारण फाईलसिस्टीमचा यूयूआयडी कर्नलला एकट्याला कळत नाही, ते काम इनिट्रॅमएफएसचं, कर्नलला स्वतःला पार्टयूयूआयडी (पार्टिशनचा ओळख क्रमांक) कळतो.

माझ्या मते निम्म्याहून जास्त वेळा घोळ इनिट्रॅमएफएसचाच असतो. ड्रायव्हर 'एम', म्हणजे वेगळी मॉड्यूल्स, म्हणून बनवले असतील तर आधी सुडो मेक मॉड्यूल्स_इन्स्टॉल आणि मगच सुडो मेक इन्स्टॉल, उलटं केलं तर इनिट्रॅमएफएसमध्ये मॉड्यूल्स जातच नाहीत. डेबियन-उबंटूवर बूट फोल्डरमध्ये नवीन व्हर्जनची इनिटआरडी (म्हणजे इनिट्रॅमएफएसचीच) फाईल आहे का बघा, नसेल तर अपडेट-इनिट्रॅमएफएस -सी -के आणि पुढे व्हर्जन, मग अपडेट-ग्रब. हेच काम फेडोरावर ड्रॅकट करतं, आर्चवर एमकेइनिटसीपीआयओ. बूट पार्टिशन भरलं असेल तर फाईल अर्धवट राहते, डीबग इन्फोमुळे मॉड्यूल्स खूप फुगतात, तेव्हा मॉड्यूल्स_इन्स्टॉलला इन्स्टॉल_मॉड_स्ट्रिप=१ जोडा, साईज एकदम खाली येते.

इनिट्रॅमएफएस नकोच असेल तर डिस्कचा आणि फाईलसिस्टीमचा ड्रायव्हर दोन्ही मेन्यूकॉन्फिगमध्ये तारा म्हणजे बिल्ट-इन करा, आणि रूट= मध्ये पार्टयूयूआयडी द्या.

लोकलमॉडकॉन्फिग (चालू सिस्टीम बघून कॉन्फिग छाटणारी मेक कमांड) वापरत असाल तर एक गोष्ट, ते फक्त त्या क्षणी लोड असलेली मॉड्यूल्स ठेवतं, तेव्हा आधी यूएसबी, डॉक, वायफाय सगळं जोडून एकदा वापरून घ्या.

पॅनिक नाही, नुसती काळी स्क्रीन? ग्रबमध्ये लिनक्सच्या ओळीत नोमोडसेट टाकून बघा, चाललं तर ग्राफिक्स ड्रायव्हरकडे वळा. आणि ग्रबच 'बॅड शिम सिग्नेचर' म्हणत असेल तर कर्नलला काही झालेलं नाही, सिक्युअर बूट (फक्त साईन केलेला कर्नलच चालू देणारी सोय) चालू आहे, एक तर स्वतःची की मॉकयूटिलने एनरोल करून कर्नल साईन करा नाहीतर बायोस सेटिंगमधून सिक्युअर बूट बंद करा.