डिस्क पोचली, पण मशीन उठेना

माझ्याकडे आलेलं पहिलं मायग्रेशन, म्हणजे मशीन एका जागेवरून दुसरीकडे हलवणं, एका जुन्या विंडोज सर्व्हरचं होतं, व्हीएमवेअरवरून प्रॉक्समॉक्सवर. ही दोन्ही एकाच संगणकावर अनेक व्हर्च्युअल, म्हणजे सॉफ्टवेअरने बनवलेली, मशीन चालवणारी सॉफ्टवेअर. डिस्कची फाइल नव्या फॉरमॅटमध्ये बदलून घेतली, नव्या व्हर्च्युअल मशीनला जोडली आणि मशीन सुरू केलं. विंडोजचा लोगो आला, खालचे ठिपके दोन-तीनदा फिरले आणि निळा पडदा. त्यावर 'इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस'. बूट डिस्क सापडत नाही म्हणतोय, म्हणजे कॉपी होताना डिस्क बिघडली असणार, असं मी धरून चाललो. पुन्हा पहिल्यापासून कॉपी केली. कित्येक तास गेले. पुन्हा तोच निळा पडदा. डिस्क पहिल्या कॉपीपासूनच धडधाकट होती.

लोगो दिसला याचाच अर्थ डिस्क वाचली जात होती, हे त्या रात्री माझ्या लक्षात आलं नाही. तोवर ती वाचून देत होतं मशीनचं फर्मवेअर, म्हणजे मशीन सुरू होताच चालणारा त्यातला मूळ प्रोग्रॅम. लोगोनंतर विंडोजचा कर्नल, म्हणजे त्याचा गाभा, स्वतःच्या पायावर उभा राहतो आणि स्वतःच्या ड्रायव्हरने (हार्डवेअरशी बोलणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमने) डिस्क वाचायला जातो. नव्या प्लॅटफॉर्मवरचा डिस्क कंट्रोलर, म्हणजे डिस्क ज्याच्यामार्फत जोडलेली असते तो भाग, वेगळा होता आणि त्याचा ड्रायव्हर त्या विंडोजकडे नव्हता.

तेव्हापासून कुठलंही मशीन बूट होताना अडलं की मी आधी एकच प्रश्न विचारतो: या क्षणी डिस्क कोण वाचतंय? आधी फर्मवेअर वाचतं. मग बूटलोडर, म्हणजे कर्नल मेमरीत आणून सुरू करणारा प्रोग्रॅम, पण फर्मवेअरच्याच मदतीने. मग कर्नल, स्वतःच्या ड्रायव्हरने. आणि शेवटी चालू झालेली सिस्टिम, तिच्या कॉन्फिगरेशन फाइलींत लिहिलेल्या नावांवरून. पडदा कुठे थांबला ते नीट पाहिलं की या चौघांपैकी कोण अडलं ते कळतं, आणि बाकी तिघांना हात लावावा लागत नाही. नवीन माणूस घाईने पाच सेटिंग एकदम बदलतो. मग मशीन उठलं तरी कशामुळे उठलं ते कळत नाही आणि पुढच्या मशीनला पुन्हा शून्यापासून सुरुवात. एका वेळी एकच बदल करा आणि तो वहीत लिहा.

पडदा काळाच राहिला किंवा 'नो बूटेबल डिव्हाइस' आलं, तर अडचण अगदी पहिल्या पायरीवर आहे. तिथे जवळजवळ नेहमी एकच कारण निघतं. फर्मवेअरचे दोन प्रकार असतात, जुना बायॉस आणि नवा यूईएफआय. जुनं मशीन बायॉसवर चालत होतं आणि नवीन यूईएफआयवर बनवलं, किंवा याच्या उलट. प्रॉक्समॉक्समध्ये ही निवड सीबायॉस (बायॉस) आणि ओव्हीएमएफ (यूईएफआय) या नावांनी दिसते. मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्हीमध्ये जनरेशन १ म्हणजे बायॉस आणि जनरेशन २ म्हणजे यूईएफआय, आणि तिथे मशीन एकदा बनवलं की जनरेशन बदलता येत नाही, नवीन मशीन बनवून डिस्क त्याला जोडावी लागते. म्हणून जुनं मशीन चालू असतानाच पाहून ठेवा. विंडोजमध्ये 'सिस्टिम इन्फर्मेशन' उघडलं की 'बायॉस मोड'पुढे लेगसी की यूईएफआय ते लिहिलेलं असतं. लिनक्समध्ये 'सिस' खालच्या 'फर्मवेअर' डिरेक्टरीत 'ईएफआय' नावाची डिरेक्टरी असेल, तर मशीन यूईएफआयवर चाललंय.

यूईएफआयमध्ये आणखी एक खाच आहे. फर्मवेअर जुळवलं, ईएफआय पार्टिशन (बूटलोडर ठेवलेला डिस्कचा भाग) जागेवर आहे, तरी मशीन थेट यूईएफआय शेलमध्ये, म्हणजे फर्मवेअरच्याच कमांडच्या पडद्यावर, जाऊन बसतं. कोणता बूटलोडर चालवायचा ही नोंद डिस्कवर नसते, मशीनच्या एनव्हीरॅममध्ये, म्हणजे फर्मवेअरच्या टिकाऊ छोट्या मेमरीत, असते. आपण डिस्क आणली, एनव्हीरॅम मागेच राहिलं. नोंद नसली की फर्मवेअर एका ठरलेल्या जागी पाहतं: ईएफआय पार्टिशनमधल्या 'बूट' फोल्डरात 'बूटएक्स६४' नावाची फाइल. विंडोज ती फाइल तिथे ठेवतं. डेबियनसारखं लिनक्स वितरण मात्र आपला बूटलोडर स्वतःच्या नावाच्या फोल्डरात ठेवतं आणि त्या ठरलेल्या जागी काही नसेल तर फर्मवेअर हात टेकतं. अशा वेळी फर्मवेअरच्या मेनूत जाऊन 'बूट फ्रॉम फाइल' निवडा, पार्टिशनमधून ग्रब किंवा शिम या लिनक्सच्या बूटलोडरांची फाइल स्वतः दाखवा. मशीन उठलं की आतून ईएफआयबूटमॅनेजर या कमांडने नोंद पक्की करा, किंवा ग्रब 'रिमूव्हेबल' पर्यायाने पुन्हा बसवा म्हणजे त्या ठरलेल्या जागीही त्याची प्रत राहील. प्रॉक्समॉक्सवर मशीनला ईएफआय डिस्क जोडायला विसरू नका. ती नसेल तर एनव्हीरॅममधली नोंद टिकून राहत नाही.

आता त्या निळ्या पडद्याकडे. त्याचा कोड ०एक्स७बी. केव्हीएमवर, म्हणजे प्रॉक्समॉक्सच्या पोटात मशीन चालवणाऱ्या लिनक्सच्या यंत्रणेवर, सर्वांत वेगाने चालणारे डिस्क कंट्रोलर व्हर्टआयओ जातीचे, खास व्हर्च्युअल मशीनसाठी बनवलेले, असतात आणि त्यांचे ड्रायव्हर विंडोजमध्ये मुळात येत नाहीत. उपाय असा. बूट डिस्क तात्पुरती साटा या नेहमीच्या प्रकारच्या कंट्रोलरवर जोडा, विंडोज बहुतेक वेळा उठतं. मग १ जीबीची एक रिकामी डिस्क व्हर्टआयओवर जोडा आणि व्हर्टआयओच्या ड्रायव्हरांची आयएसओ (सीडीसारखी वापरायची फाइल) लावून ड्रायव्हर बसवा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ती छोटी डिस्क दिसायला लागली की मशीन पूर्ण बंद करा, बूट डिस्क व्हर्टआयओवर न्या, बूटचा क्रम पुन्हा तपासा, छोटी डिस्क काढून टाका.

ती रिकामी डिस्क कशाला, असं मला सुरुवातीला वाटायचं. नुसता ड्रायव्हर बसवून भागत नाही का? कधी भागतं, कधी नाही. विंडोज आपल्या रजिस्ट्रीत, म्हणजे सेटिंगांच्या साठ्यात, काही ड्रायव्हर 'बूटच्या वेळीच लागणारे' म्हणून राखून ठेवतं. खरोखरचं डिव्हाइस एकदा समोर आलं की तो ड्रायव्हर कामाला लागतो आणि त्या यादीत नीट बसतो. इथे नवशिके आणखी एका जागी हमखास अडखळतात. व्हर्टआयओ ब्लॉक आणि व्हर्टआयओ स्कझी हे दोन वेगळे कंट्रोलर आहेत. पहिल्याचा ड्रायव्हर व्हीआयओस्टोर, दुसऱ्याचा व्हीआयओस्कझी. छोटी डिस्क ब्लॉकवर जोडायची आणि बूट डिस्क स्कझीवर न्यायची, असं केलं तर निळा पडदा परत येतो आणि माणूस म्हणतो, 'ड्रायव्हर तर बसवलाय!' बूट डिस्क जिथे न्यायची आहे, छोटी डिस्कही त्याच कंट्रोलरवर जोडा.

साटावरही मशीन उठलं नाही, तर विंडोजच्या इन्स्टॉलेशन आयएसओवरून बूट करून दुरुस्तीचा कमांड प्रॉम्प्ट उघडा. बूट डिस्क व्हर्टआयओवर असेल, तर ती दिसण्यासाठी आधी ड्रायव्हर-लोड कमांडने ड्रायव्हर तात्पुरता चढवा, मग डिझम या विंडोजच्या कमांडने तोच ड्रायव्हर बंद पडलेल्या विंडोजमध्ये घाला. इथे ड्राइव्हची अक्षरं बदललेली असतात. आपली सी ड्राइव्ह तिथे डी किंवा ई असू शकते, म्हणून विंडोजचं फोल्डर कुठे आहे ते आधी पाहून घ्या.

लिनक्सचा स्वभाव वेगळा. व्हर्टआयओचे ड्रायव्हर कर्नलमध्ये कित्येक वर्षांपासून आहेत, म्हणून लिनक्स कुठेही उठेल असं लोक समजतात. पण कर्नलला सुरुवातीला लागणारे ड्रायव्हर इनिटरॅमएफएस नावाच्या छोट्या पेटाऱ्यात भरलेले असतात, आणि रेड हॅटच्या घराण्यात हा पेटारा भरणारं ड्रेकट 'होस्ट-ओन्ली' पद्धतीने काम करतं. ज्या मशीनवर आहोत त्याला लागेल तेवढंच आत भरायचं. व्हीएमवेअरवर असताना त्यात व्हीएमवेअरच्या कंट्रोलरचा ड्रायव्हर गेला, व्हर्टआयओचा गेलाच नाही. नव्या जागी कर्नल सुरू होतो, रूट डिस्कची, म्हणजे सिस्टिम जिच्यावर आहे त्या डिस्कची, वाट पाहतो आणि शेवटी आपल्याला ड्रेकटच्या आणीबाणीच्या शेलमध्ये सोडतो. डेबियनमध्ये हा पेटारा मुळातच बहुतेक ड्रायव्हर घेऊन भरलेला असतो, म्हणून तिथे ही वेळ क्वचित येते. कुणी जागा वाचवण्यासाठी सेटिंग 'मोस्ट'वरून 'डेप' केलं असेल तरच.

रेड हॅटच्याच घराण्यातल्या सेंटओएस ७ च्या एका डेटाबेस मशीनवर मी या शेलमध्ये पहिल्यांदा अडकलो. डिस्क आणि त्यांचे भाग दाखवणारी 'बीएलकेआयडी' कमांड चालवली तर उत्तर कोरं, एकही डिस्क नाही. तिथेच निदान झालं. डिस्क दिसत असती आणि फक्त रूट सापडत नसता, तर गडबड नावाची किंवा एलव्हीएमची (डिस्कचे भाग सांभाळणाऱ्या लिनक्सच्या व्यवस्थेची) असती. डिस्कच दिसत नाही, म्हणजे ड्रायव्हर नाही. मशीन पुन्हा सुरू केलं आणि ग्रबच्या मेनूत सर्वांत खालची 'रेस्क्यू' नोंद निवडली. ती नोंद होस्ट-ओन्ली नसते, तिच्यात सगळे ड्रायव्हर भरलेले असतात. मशीन उठलं. मग ड्रेकटने सगळ्या कर्नलांचे पेटारे नव्याने बनवले आणि काम संपलं. एकाच कर्नलचा पेटारा बनवून थांबू नका. पुढे कधी जुन्या कर्नलवर परतायची वेळ आली तर तो रुसलेलाच असेल.

रेस्क्यूची नोंद कुणी काढून टाकली असेल तर? तेव्हा एक वाट आहे जी मला फार उशिरा कळली. प्रॉक्समॉक्समध्ये स्कझी कंट्रोलरच्या यादीत 'व्हीएमवेअर पीव्हीस्कझी' हाही पर्याय आहे. जुन्या मशीनवर तोच कंट्रोलर असेल, तर नव्या जागीही तोच द्या. मशीनला घर बदलल्याचं कळतच नाही, ते सरळ उठतं. आतून पेटारा नव्याने भरा, बंद करा, मग व्हर्टआयओवर न्या. लाइव्ह आयएसओवरून बूट करून सीएचरूटने डिस्कवरच्या सिस्टिममध्ये शिरूनही हेच साधतं, पण त्यात हातातून चुका जास्त होतात.

ड्रायव्हर मिळाला तरी नावाचा घोळ उरतो. जुन्या जागी डिस्क 'एसडीए' होती, व्हर्टआयओ ब्लॉकवर ती 'व्हीडीए' होते. कोणती डिस्क कुठे जोडायची ते सांगणाऱ्या एफएसटॅब फाइलीत कुणी थेट 'एसडीबी१' लिहून ठेवलं असेल, तर सिस्टिमडी (लिनक्समध्ये बाकी सगळं सुरू करणारा प्रोग्रॅम) त्या नावाची ९० सेकंद वाट पाहतं आणि इमर्जन्सी मोडमध्ये जातं. नावाच्या जागी यूयूआयडी, म्हणजे डिस्कच्या भागाचा न बदलणारा ओळख क्रमांक, लिहा. नसली तरी चालेल अशा डेटा डिस्कना 'नोफेल' पर्याय जोडा.

एक अडचण डिस्कची नसून डिस्कचीच वाटते. रेड हॅट ९ किंवा त्याच्या भावंडांपैकी एखादं मशीन कर्नल पॅनिक देतं आणि वरच्या ओळींत 'सीपीयू एक्स८६-६४-व्ही२ ला सपोर्ट करत नाही' असं लिहिलेलं असतं. या पिढीला तेवढी नवी सीपीयू लागते आणि मशीनला 'केव्हीएम६४' हा जुना प्रकार दिलेला असतो. सीपीयूचा प्रकार बदलला की झालं. पॅनिकची शेवटची ओळ पाहून घाबरू नका, खरं कारण दोन-चार ओळी वर लिहिलेलं असतं.

आणि मशीन उठलं पण आतला डेटा कित्येक महिन्यांपूर्वीचा निघाला तर? हे बूट न होण्यापेक्षा वाईट, कारण सगळं ठीक दिसतं. जुन्या मशीनवर स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची जतन केलेली स्थिती, घेतलेला असतो, त्यानंतरचे बदल '०००००१' असा आकडा लागलेल्या वेगळ्या फाइलीत जात असतात आणि आपण मूळ फाइलच उचलून आणतो. कॉपी करण्याआधी स्नॅपशॉट काढून सगळं एकत्र करा, मग मशीन बंद करा, मगच डिस्क हलवा.

आता मी जुनं मशीन बंद करण्याआधीच अर्धं काम उरकतो. फर्मवेअर, कंट्रोलर, मॅक (नेटवर्क कार्डाचा क्रमांक) आणि आयपी पत्ता लिहून घेतो. विंडोज असेल तर व्हर्टआयओचे ड्रायव्हर तिथेच बसवतो, फास्ट स्टार्टअप (विंडोज पूर्ण बंद न करता अर्धवट झोपवणारी सोय) बंद करतो आणि डिस्क कुलूपबंद ठेवणारा बिटलॉकर तात्पुरता थांबवतो. तो चालू राहिला तर नव्या जागी ४८ आकडी रिकव्हरी की मागतो आणि ती कुणाकडे आहे ते शोधण्यात दिवस जातो. स्थानिक ॲडमिनचा पासवर्ड स्वतः लॉगिन करून तपासतो, कारण नव्या जागी नेटवर्क लगेच येत नाही आणि डोमेनचं खातं चालेलच असं नाही. लिनक्सवर नेटवर्क कार्डाचं नाव 'ईएनएस१९२'चं 'ईएनएस१८' झालेलं असतं. विंडोजमध्ये जुनं अदृश्य कार्ड आयपी पत्ता धरून बसलेलं असतं, ते डिव्हाइस मॅनेजरमध्ये लपलेली डिव्हाइस दाखवून काढावं लागतं. व्हीएमवेअर टूल्स, म्हणजे मशीनच्या आत बसवलेलं व्हीएमवेअरचं सॉफ्टवेअर, मात्र बॅकअप हाताशी असल्याशिवाय आणि सर्वांत शेवटीच काढा. त्यांच्याबरोबर तिथले ड्रायव्हरही जातात.

यातलं बरंच काम व्हर्ट-व्हीटूव्ही हे साधन आपोआप करतं आणि प्रॉक्समॉक्सच्या ८.२ आवृत्तीपासून व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआयवरून थेट आयात करायची सोय आहे. ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर विकत घेतल्यानंतर अनेक ठिकाणी अशी कामं निघाली आणि ही साधनंही सुधारत गेली. ती वापराच. पण आधी दोन-चार मशीन हाताने हलवा. आपल्याच लॅपटॉपवर एक छोटं लिनक्स मशीन घ्या, होस्ट-ओन्ली पेटारा बनवा, कंट्रोलर बदला, ते मोडलेलं पाहा आणि उठवा. एफएसटॅबमध्ये खोटं नाव लिहा आणि सोडवा. साधन अडलं की पडदा वाचावा तुम्हालाच लागतो.

जुनं मशीन लगेच पुसू नका, हे सगळेच सांगतात. मी त्यात एक भर घालतो. त्याचं ऑटोस्टार्ट काढा आणि नेटवर्क कार्ड तोडून ठेवा. एकदा मायग्रेशननंतर काही दिवसांनी जुना होस्ट, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणारा खरा संगणक, वीज जाऊन परत सुरू झाला, त्याच्यावरचं जुनं मशीनही आपोआप उठलं, त्याच आयपी पत्त्यावर. काही लोकांच्या नोंदी नव्या डेटाबेसमध्ये गेल्या, काहींच्या जुन्या. त्या वेगळ्या काढून जुळवायला आम्हाला संपूर्ण मायग्रेशनपेक्षा जास्त दिवस लागले.